मांजराचा नकार

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न उंदरांच्या सभेतला. तिथून तो आपल्या बोलण्यात आला आणि मुरला. बॉसला कोण सांगणार, सोसायटीच्या चेअरमनला हिशोब कोण विचारणार, अशा वेळी आपण तो सहज वापरतो. पण मांजराला घंटा हवी आहे का, हे त्या गोष्टीत कुणीच विचारत नाही. उंदरांनी ते विचारावं अशी अपेक्षाही नाही, त्यांच्या जिवावर बेतलं होतं. आपलं तसं नसतं. आपण मांजर घरी आणतो ते प्रेमाने. तरीही त्याच्या गळ्यात पट्टा बांधताना, खिडकीला जाळी ठोकताना, नसबंदीच्या ऑपरेशनची तारीख ठरवताना आपणही त्याला विचारत नाही. विचारता येतच नाही.

माझ्या घरी गेली अकरा वर्षं मांजर आहे, त्यामुळे नव्याने मांजर आणलेल्या मित्रमैत्रिणींचे मेसेज मला येतात. पावसात पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू, त्याचा खोक्यातला फोटो आणि खाली प्रश्नांची रांग. दूध देऊ का? अंघोळ घालू का? सोफ्यावर शू करून बदला घेतंय का? कडेवर घेतलं की ओरबाडतं, मग त्याला मी आवडत नाही का? या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत आणि ती मी देते. पण त्यांच्या तळाशी एक प्रश्न असतो, जो सहसा कुणी टाइप करत नाही. ज्याची संमती घेता येत नाही, त्याच्या आयुष्याचे निर्णय आपण कशाच्या जोरावर घेतो? आणि घेतले, तर त्या बदल्यात त्याचं काय देणं लागतो?

कणगीपासून फ्लॅटपर्यंत

माझ्या आजीच्या कोकणातल्या घरात मांजरं होती, पण ती ‘पाळलेली’ होती असं कुणी म्हटलं नसतं. भाताच्या कणगीपाशी उंदीर होते म्हणून मांजरं होती. दुपारी त्यांना थोडा दूधभात मिळे. त्यांना नावं नव्हती. एखादी मांजर व्याली की पिल्लांना सात घरं फिरवते म्हणायचे, आणि ती खरंच दातात एकेक पिल्लू धरून माळ्यावरून गोठ्यात, गोठ्यातून शेजारच्या पडवीत न्यायची. कुणी तिला अडवत नसे. कुणी तिला दवाखान्यातही नेत नसे. कुत्र्याने, सापाने, नाहीतर रस्त्यावरच्या गाडीने एखादं मांजर संपलं, की चार दिवस हळहळ आणि मग दुसरं मांजर. ते स्वातंत्र्य खरं होतं आणि त्याची किंमतही खरी होती. आज फ्लॅटमधल्या मांजराकडे बघून ‘पूर्वी किती मोकळी असायची’ म्हणणारे ही किंमत सोडून बोलतात.

हा व्यवहार फार जुना आहे. पश्चिम आशियात माणूस शेती करून धान्य साठवू लागला, धान्यापाठोपाठ उंदीर आले, उंदरांपाठोपाठ रानमांजरं आली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे. त्यात माणसापासून जेमतेम ४० सेंटिमीटर अंतरावर मांजर पुरलेलं होतं. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. सायप्रसवर मुळात मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी त्यांना होडीत घालून समुद्रापार नेलं होतं. तेव्हाही विचारलं नसणारच.

पण त्या व्यवहारात मांजराच्या हातात एक गोष्ट होती. पटलं नाही तर निघून जाता येत होतं. माझ्या पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात कणगी नाही, उंदीर नाहीत आणि जायला दार नाही. मांजराचं कामही गेलं आणि निघून जायची सोयही गेली. त्याला जे काही मिळणार ते माझ्या हातून. आपल्याकडचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा इथे नेमकं बोलतो. ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली प्राणी आहे, त्याने त्या प्राण्याच्या क्षेमासाठी सर्व वाजवी उपाय करावेत आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ देऊ नयेत, असं त्याचं तिसरं कलम सांगतं. हे कर्तव्य ताब्यातून येतं, प्रेमातून नाही. एखाद्या दिवशी प्रेम वाटलं नाही तरी ते टळत नाही.

दातात धरलेलं पिल्लू

मांजरीच्या दातातलं पिल्लू आपल्या तत्त्वज्ञानात फार पूर्वीच जाऊन बसलं आहे. रामानुजाचार्यांच्या श्रीवैष्णव परंपरेत पुढे दोन शाखा झाल्या, वडकलै आणि तेंगलै. देवाची कृपा मिळवायला जीवाने स्वतः काही करायचं की नाही, हा त्यांच्यातला एक मोठा वाद. एका बाजूने दृष्टांत दिला माकडाच्या पिल्लाचा. आई उडी मारते, पण पिल्लाने तिच्या पोटाला स्वतः घट्ट धरून ठेवावं लागतं. दुसऱ्या बाजूने दिला मांजराच्या पिल्लाचा. ते काहीच करत नाही, आई मानगूट धरून नेईल तिकडे जातं. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. कीर्तन-प्रवचनात हे शब्द आजही कानावर पडतात.

मांजर पाळणाऱ्याला मार्जारन्याय फार सोयीचा आहे. ते लहान आहे, त्याला कळत नाही, मला कळतं, मी नेईन तिथे त्याचं भलंच आहे. पण या दृष्टांतात एक अट दडलेली आहे. नेणाऱ्याच्या मनात नेल्या जाणाऱ्याच्या भल्याखेरीज दुसरं काही नसावं लागतं. देवाबद्दल भक्त हे गृहीत धरतो. मांजरीबद्दल निसर्ग. माझ्याबद्दल कोण धरणार? माझ्या मनात नवा सोफा असतो, शेजाऱ्यांची तक्रार असते, उद्याची आठची मीटिंग असते आणि बऱ्याचदा एक रीलही असतं.

शिवाय ते पिल्लू शांत असतं याचाही अर्थ जपून लावायला हवा. आईने मानगूट धरली की पिल्लू अंग सैल सोडतं, मागचे पाय पोटाशी घेतं. ही लहानपणीची आपोआप होणारी क्रिया आहे. मोठ्या मांजराची मानगूट माणसाने पकडली तर तेही गप्प होतं, आणि कित्येक वर्षं दवाखान्यांतसुद्धा याला ‘शांत झालं’ म्हणत. आता मांजरांचे तज्ज्ञ डॉक्टर सांगतात की ही पकड टाळा, कारण ते गप्प होणं बहुतेकदा भीतीचं असतं. आईच्या दातात जो विश्वास आहे, तो आपल्या मुठीत आपोआप येत नाही. गप्प बसलेला प्रत्येक जीव ‘हो’ म्हणत नसतो, हे माणसांबाबतही आपण फार उशिरा शिकतो आहोत.

कारणातून स्वतःला वजा करणं

तरीही निर्णय घ्यावे लागतात, आणि न घेणं हाही निर्णयच असतो. मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. जे करणार आहे त्याच्या कारणातून माझी सोय, माझी हौस आणि माझं तत्त्व वजा करून बघायचं. मागे काही उरतं का?

नसबंदी घ्या. मांजरी चार-सहा महिन्यांच्या झाल्या की माजावर येऊ शकतात. गर्भ साधारण दोन महिन्यांचा. पहिली पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकतात. ऑपरेशनने रात्रीचं ओरडणं थांबतं, बोक्यांचं घरभर फवारणं कमी होतं. ही सगळी माझी सोय, ती वजा. उरतं काय? गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो, लहान वयात केलं तर स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो, आणि रस्त्यावर चाकाखाली जाणारी पिल्लं जन्मत नाहीत. म्हणून मी करा म्हणते. ‘एकदा तरी आई होऊ दे बिचारीला’ ही वजा करायची गोष्ट आहे, कारण तो आपल्या घरातल्या बायकांवर लादलेला विचार आपण आता मांजरीवर लादतो आहोत. पण याच्या पुढचं वाक्यही बोलायला हवं. एका निरोगी प्राण्याच्या पोटावर सुरी चालते, ती त्याने मागितलेली नसते. निर्णय योग्य असला तरी त्याने काही देणं उरतच.

बंद खिडकीचंही तसंच. न्यूयॉर्कमधल्या एका प्राणी रुग्णालयात उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाच महिन्यांत नोंद झाली. तो अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार केलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली. हा आकडा ‘मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायावरच पडतं’ याच्या पुराव्यासाठी वापरला जातो. पण जी जागीच मेली त्यांना दवाखान्यात कोण नेणार? ती या आकड्यात नाहीत. जगलेल्यांचेही जबडे, छाती, पाय मोडलेले असतात. म्हणून बाल्कनीला जाळी हवीच. शिवाय मोकळं सोडलेलं मांजर पक्षी, पाली, चिचुंद्र्या मारतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत घरातल्या मांजराचंही नाव आहे. एकाचं स्वातंत्र्य इतरांनी जिवाने भरायचं, एवढं ते साधं नाही.

सगळ्यांत अवघड वजाबाकी खाण्याची. माझ्या ओळखीतल्या एका शाकाहारी घरात मांजर आलं, आणि ‘आपल्याकडचं तेच खाईल’ असं ठरायला लागलं. मांजराचं शरीर हे ऐकत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला आहारातूनच लागतं आणि ते मुळात प्राणिज पदार्थांतच असतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा निकामी होतो, हृदयाचे स्नायू सैल पडतात. हृदयाचा हा संबंध १९८७ साली दाखवला गेला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. मांजराला गोड चव कळतच नाही, कारण त्यासाठी लागणारं जनुक त्याच्यात निकामी झालेलं आहे. तुम्ही श्रीखंड चाटवलंत तर त्याला त्यातला स्निग्धपणा कळेल, तुमचं लाड करणं मात्र पोचणार नाही. मोठ्या मांजरांना दूधही बहुधा पचत नाही. कांदा-लसणाच्या रश्श्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

मग अहिंसेचं काय? माझी अहिंसा हे माझं तत्त्व आहे. त्याची किंमत मांजराच्या डोळ्यांनी चुकवायची नसते. पण इथे वजाबाकी केल्यावर उरतं तेही स्वच्छ नाही. कोंबडीलाही कुणी विचारलेलं नसतं. मांजर आणणं म्हणजे दुसऱ्या प्राण्यांच्या मरणात सहभागी होणं, हे आधीच मान्य करून मग ठरवावं. मान्य नसेल तर मांजर न आणणं हा पूर्ण प्रामाणिक निर्णय आहे. वांग्याची भाजी कालवून ‘बघा, खातंय की’ म्हणणं तसं नाही.

छोटे नकार

इथे कुणी म्हणेल, संमती वगैरे माणसांच्या कल्पना आहेत, त्या मांजराला कशाला चिकटवता? असेल, संमती माणसांची असेल. नकार मात्र मांजराकडे आधीपासून आहे, आणि तो बराच स्पष्ट आहे. शेपटीचं टोक झटकायला लागतं. कान बाजूला वळतात. पाठीची कातडी थरथरते. ते तोंड फिरवतं, अंग चोरतं, उठून जातं. ओरबाडणं हा शेवटचा शब्द. त्याआधी त्याने चार वेळा ‘नको’ म्हटलेलं असतं आणि आपण मोबाइलमध्ये बघत हात फिरवत असतो.

मला म्हणायचंय ते एवढंच. शरीर, पिल्लं, घर, खाणं या मोठ्या गोष्टींत आपण मांजराचा नकार मोडतो. कधी तो मोडावाच लागतो. म्हणूनच उरलेल्या दिवसभरातल्या छोट्या गोष्टींत त्याचा नकार पाळायचं बंधन आपल्यावर येतं. आपण ‘मांजर पाळतो’ म्हणतो आणि ‘शब्द पाळतो’ही म्हणतो. मांजराच्या बाबतीत ही दोन्ही पाळणं एकच असावीत.

रोजच्या काळजीकडे असं पाहिलं की तिचे नियम पाठ करावे लागत नाहीत. आधी बोट पुढे करा, त्याला हुंगू द्या. गाल घासला तर हनुवटीखाली, गालावर खाजवा. तीन-चार सेकंदांनी हात काढा. त्याला आणखी हवं असेल तर ते मागेल. झोपलेलं मांजर उचलू नका. पोट दिसलं म्हणून हात घालू नका. त्याने पोट दाखवणं म्हणजे विश्वास, हात लावायचं बोलावणं नव्हे.

लपायला एक खोका आणि चढायला एक उंच जागा द्या. नेदरलँड्समधल्या एका प्राणी-निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना खोकी दिली, काहींना दिली नाहीत. खोकी मिळालेली मांजरं लवकर रुळली, असं त्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं. दिसेनासं होता येणं हा निघून जाण्याचाच लहान अवतार आहे. दार आपण बंद केलं, निदान खोका तरी त्याचा असू द्या. दिवाळीत फटाके सुरू झाले की त्याला बाहेर ओढून ‘घाबरू नको’ म्हणत कुशीत घेण्यापेक्षा पलंगाखाली राहू देणं बरं. कॅरियर वर्षभर घरात उघडा ठेवा, आत जुनी चादर घाला. तो फक्त दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून खाली आला, तर मांजराच्या लेखी त्याचा एकच अर्थ राहतो.

काही नकार तर आजाराची भाषा असतात. लिटर बॉक्सच्या बाहेर शू करणं हा बदला नसतो. बॉक्स घाण आहे, खाण्याच्या भांड्याशेजारी आहे, किंवा लघवीला दुखतंय, असं काहीतरी मांजर सांगत असतं. एका मांजराला दोन बॉक्स, आणि रोज साफ, हा जुना आणि चांगला नियम. बोका वारंवार बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही. मूत्रमार्ग बंद झाला तर तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो. खाण्याला दिलेला नकारही नखरा समजू नये. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो. आणि तापाची आपली पॅरासिटामॉल त्याला कधीही नको, ती पचवायची यंत्रणा त्याच्या यकृतात नाही. फरशीला फिनेल लावत असाल तर तेही बंद करा. मांजर पंजे चाटतं, आणि पंज्यांना लागलेलं सगळं पोटात जातं.

सलाईनची पिशवी

हा सगळा विचार मला हल्ली दर एक दिवसाआड करावा लागतो. माझी मनी अकरा वर्षांची आहे आणि तिची किडनी थकली आहे. म्हाताऱ्या मांजरांत हे फार आढळतं. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं आहे. सुई खांद्यांच्या मधे, जिथे तिच्या आईने तिला धरलं असेल तिथेच टोचायची. पिशवी खुंटीला अडकवल्याचा आवाज आला की मनी पलंगाखाली जाते. हा नकार आहे, त्यात संदिग्ध काही नाही. आणि मी तो मोडते.

वजाबाकी करून बघते. मला तिच्याशिवाय घर नकोसं वाटेल, हे वजा. ‘आपण सगळं केलं’ असं पुढे स्वतःला सांगता यावं, हेही वजा. उरतं ते दहा मिनिटांचं टोचणं आणि त्यानंतरचा दीड दिवस, ज्यात ती जेवते, अंग चाटते, खिडकीत बसते. आज हा हिशोब तिच्या बाजूने लागतो. तो कायम तसाच लागेल असं नाही. एक दिवस टोचणं तेवढंच राहील आणि खिडकी उरणार नाही. त्या दिवशी तिचा नकार मोडायचं कारण संपलेलं असेल आणि सुई बाजूला ठेवून डॉक्टरांशी वेगळं बोलावं लागेल. देवाच्या कृपेचा वाद सुटो न सुटो, हा निर्णय मला घ्यावा लागणार आहे, तोही तिला न विचारता.

डॉक्टरांनीच सुचवल्यावरून मी एका कागदावर तिला आवडणाऱ्या पाच गोष्टी लिहून फ्रिजवर लावल्या आहेत. सकाळचं खाणं. खिडकीतलं ऊन. दोरीमागे धावणं, निदान पंजा मारणं. मी आले की दाराशी येणं. कपाटावर चढून बसणं. रोज रात्री मी त्यावर खुणा करते. सध्या पाचांपैकी चार गोष्टी ती करते. कपाटावर उडी आता जमत नाही, म्हणून शेजारी एक स्टूल ठेवलंय. ते तिने अजून वापरलेलं नाही.